ग्राहकाची वही तिसऱ्याच्या हाती

कापडाचे दुकान असो, औषधांचे असो वा नव्या धर्तीचा मोठा किराणा बाजार असो, खरेदी आटोपून आपण पैसे देण्यासाठी उभे राहिलो की गल्ल्यावरील तरुण मान वर न करता विचारतो, "मोबाईल नंबर?" मागे रांग ताटकळत असते, हातात पिशव्या असतात आणि दहा आकडे सांगून मोकळे होणे हाच सर्वांत सोपा मार्ग असतो. नंबर कशासाठी हवा, असे विचारण्याचे धाडस एखाद्याने केलेच, तर "त्याशिवाय बिलच निघत नाही" असे उत्तर मिळते. हे उत्तर ग्राहकाने मान्य करण्याचे काहीच कारण नाही. नंबर दिल्याखेरीज बिल देणार नाही, असा आग्रह धरणे ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना स्पष्टपणे कळविले होते. तरीही प्रश्न विचारला जातो आणि निमूटपणे उत्तर दिले जाते. नंबर देण्याने आपले नेमके काय जाते, हे देणाऱ्याला दिसत नाही, हेच त्याचे कारण होय.

दुकानदाराला आपल्याविषयी माहिती असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. ज्या पिढीने महिन्याच्या उधारीवर संसार केले, तिला कोपऱ्यावरच्या वाण्याची लाल कापडाच्या बांधणीची वही आठवत असेल. कोणाचा पगार उशिरा होतो, कोणाच्या घरी पाहुणे उतरले आहेत, कोणी साखर कमी केली आणि कोणी तेल, हे सारे त्या वहीत होते. अमेरिकेतील टार्गेट या दुकान-साखळीचा संख्याशास्त्रज्ञ पंचवीसएक वस्तूंच्या खरेदीवरून ग्राहक स्त्री गरोदर आहे काय याचा अंदाज बांधतो, हे वृत्त २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. आमच्या वाण्याला डिंक, अळीव आणि खारीक यांच्या यादीवरून घरात बाळंतीण आहे हे शेजाऱ्यांच्या आधी कळत असे आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे.

ते का वाटत नसे, याचा विचार केला पाहिजे. ती वही एका फळीवर राहत असे. दिवाळीत तिची पूजा होई, वर्ष सरले की ती माळ्यावर जाई. शिवाय जो आपल्याला ओळखत होता त्याला आपणही ओळखत होतो. त्याचे घर त्याच आळीत होते, त्याच्या मुलीचे लग्न आणि त्याच्या धाकट्या भावाची भांडणे आपल्याला ठाऊक होती. वहीत दोन नोंदी अधिक चढविणारे महाभाग त्या काळीही होते आणि त्या व्यवहाराचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा इतकाच, की माहिती दोघांमधील व्यवहाराच्या आत राहत होती. आज गल्ल्यावर सांगितलेले दहा आकडे व्यवहाराबाहेर जातात. ते कोणा तिसऱ्याकडे, तेथून चौथ्याकडे जातात, आणि त्या तिसऱ्याचे नावसुद्धा आपल्याला माहीत नसते.

कॅनडातील एक पावती

हे कसे घडते, याचे एक उदाहरण पुरेशा तपशिलाने उपलब्ध आहे. रंग, लाकूड, नळ, खिळे-मोळे अशा घरबांधणीच्या वस्तू विकणाऱ्या होम डिपो या कंपनीची दुकाने कॅनडात जागोजागी आहेत. तेथील एका गृहस्थाने आपले फेसबुकवरील खाते बंद करावयाचे ठरविले. ते करीत असताना त्याला असे आढळले, की होम डिपोच्या दुकानात स्वतः जाऊन केलेल्या आपल्या बहुतेक खरेदीची नोंद फेसबुककडे आहे. त्याने ती खरेदी फेसबुकवरून केलेली नव्हती, इंटरनेटवरूनही केलेली नव्हती. तो दुकानात गेला होता, माल उचलला होता आणि पैसे देऊन घरी आला होता. त्याने कॅनडाच्या खाजगीपणा आयुक्तांकडे तक्रार केली.

आयुक्त फिलिप ड्यूफ्रेन यांचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून जे उघड झाले ते असे. कागदी पावतीऐवजी ई-मेलने पावती हवी काय, असे दुकानात विचारले जाई. ग्राहकाने होय म्हणून ई-मेलचा पत्ता दिला, की तो पत्ता सांकेतिक रूपात आणि त्यासोबत खरेदीचा तपशील फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीला पाठविला जाई. मेटा तो पत्ता आपल्या खातेदारांशी ताडून पाही आणि खातेदाराला दाखविलेल्या जाहिरातीमुळे त्याने दुकानात जाऊन खरेदी केली काय, याचा हिशोब होम डिपोला कळवी. येथवर एक वेळ समजण्यासारखे आहे. जाहिरातीवर खर्च करणाऱ्याला तिचे फळ मोजावेसे वाटणारच. परंतु करारानुसार मेटाला ही माहिती स्वतःच्या धंद्यासाठी, म्हणजे होम डिपोशी काडीचाही संबंध नसलेल्या जाहिरातींसाठीसुद्धा, वापरता येत होती. हे किमान २०१८ पासून चालू होते आणि चौकशी सुरू असताना, ऑक्टोबर २०२२ मध्ये, कंपनीने ते थांबविले.

या प्रकरणातील कंपनीचा बचाव मला त्या कृत्यापेक्षाही अधिक बोलका वाटतो. कंपनी म्हणाली, की ग्राहकांची यास गर्भित संमती होती. आमचे गोपनीयतेविषयीचे निवेदन संकेतस्थळावर आहे आणि मागितल्यास दुकानातही छापील प्रत मिळते. मग पावती देतानाच हे का सांगितले नाही? त्यावर उत्तर असे, की पदोपदी संमती विचारल्याने ग्राहक कंटाळतो, त्याला संमतीचा शीण येतो. ग्राहकाला त्रास नको म्हणून त्याला विचारलेच नाही, हा युक्तिवाद ऐकून एखाद्या जुन्या एकत्र कुटुंबातील कर्त्या पुरुषाची आठवण व्हावी. आयुक्तांनी तो अर्थातच फेटाळला. ई-मेलने पावती मागणाऱ्या माणसाला आपली खरेदी फेसबुकला कळविली जाईल अशी कल्पनाही असणे शक्य नाही. सबब ही संमती नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंपनीने शिफारशी मान्य केल्या. दंड मात्र झाला नाही, कारण ज्या कायद्याखाली चौकशी झाली त्यात आयुक्तांना दंड करण्याचा अधिकारच नाही.

वर 'सांकेतिक रूपात' असे म्हटले, त्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. कारण अशा प्रत्येक प्रकरणात कंपन्या हीच ढाल पुढे करतात. पत्ता वा नंबर जसाच्या तसा न देता गणिती क्रियेने त्याचे एका लांबलचक आकड्यात रूपांतर केले जाते आणि त्या आकड्यावरून मूळ पत्ता उलगडत नाही, हे खरे आहे. दळलेल्या पिठातून दाणे परत मिळत नाहीत, तसेच हे. परंतु दोघांनी तोच दाणा त्याच जात्यात दळला, तर दोघांचे पीठ तंतोतंत सारखे निघते. फेसबुककडे आपला पत्ता आधीपासून आहेच. तो त्याच जात्यात घातला की दुकानातून आलेल्या पिठाशी त्याची गाठ पडते. भारतात तर पत्त्याच्या जागी मोबाईल नंबर असतो. आपले नंबर दहा आकडी असून सहा, सात, आठ वा नऊ यांपैकी एकाने सुरू होतात. म्हणजे संभाव्य नंबर अवघे चारशे कोटी. माणसाला ही संख्या प्रचंड वाटते. संगणकाला एवढे दाणे दळून सर्वांची यादी करून ठेवणे हे किरकोळ काम आहे. ई-मेलचा पत्ता माणूस बदलतो, एकापेक्षा अधिक बाळगतो. मोबाईल नंबर मात्र बँकेत, गॅस एजन्सीत, मुलांच्या शाळेत आणि पैसे पाठविण्याच्या व्यवस्थेत एकच असतो. तो एकदा खरेदीच्या नोंदीला जोडला गेला की इतर सर्व नोंदींचे कुलूप उघडणारी तीच किल्ली ठरते.

वहीचा लिलाव

माहिती तिसऱ्याच्या हाती जाण्याचा हा एकच मार्ग नव्हे. रेडिओशॅक ही इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणारी जुनी अमेरिकन कंपनी एके काळी साध्या बॅटऱ्या घेणाऱ्या गिऱ्हाइकाचेही नाव-पत्ता विचारण्यासाठी कुप्रसिद्ध होती. २०१५ मध्ये तिचे दिवाळे निघाले. देणेकऱ्यांचे पैसे भागविण्यासाठी जी मालमत्ता विक्रीस निघाली, तीत सुमारे ११ कोटी ७० लाख ग्राहकांच्या नोंदी होत्या. आम्ही ग्राहकांची यादी विकत नाही, असे आश्वासन कंपनीने त्याच ग्राहकांना दिलेले होते. टेक्सासच्या महान्यायवादींनी हरकत घेतली, इतर राज्ये त्यांच्यामागे उभी राहिली आणि अखेर तडजोड होऊन खरेदीदाराच्या हाती त्या माहितीचा थोडाच भाग पडला. आश्वासन देणारा स्वतःच नाहीसा झाला म्हणजे आश्वासनाचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या निमित्ताने जगापुढे आला. आमच्या वाण्याचे दुकान बंद पडले तेव्हा त्याची वही कोणी लिलावात घेतली नव्हती, कारण ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नव्हती. आता दुकानातील मालापेक्षा वहीलाच अधिक भाव येऊ शकतो.

औषधांच्या बाबतीत हा प्रकार अधिक गंभीर होतो. औषधखरेदीवर सवलतीची कुपने देणाऱ्या गुडआरएक्स या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये हृदयविकार, रक्तदाब यांसारख्या विकारांवरील विशिष्ट औषधे घेणाऱ्यांच्या याद्या करून त्यांचे ई-मेल पत्ते व फोन नंबर फेसबुकवर चढविले, जेणेकरून त्यांना ओळखून जाहिराती दाखविता याव्यात. अशी माहिती जाहिरातदारांना कधीही देणार नाही, असे तिने ग्राहकांना सांगितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर तिने १५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. आणि ज्या टार्गेट दुकानांचा उल्लेख वर आला, त्यांच्या सुमारे चार कोटी ग्राहकांच्या बँक कार्डांचे तपशील २०१३ च्या अखेरीस चोरीस गेले, ते चोर कोणत्या दाराने आत शिरले? कंपनीची शीतयंत्रांची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराला संगणकव्यवस्थेत प्रवेशाची जी परवानगी होती, ती चोरून. तिसरा माणूस लबाडच असला पाहिजे असे नाही. तो निष्काळजी असला तरी पुरते.

लपवायचे काय आहे?

वर्गात हा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, आपल्याकडे लपविण्यासारखे आहे काय?" प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु पोस्टकार्डाऐवजी आंतर्देशीय पत्र लिहिणारा माणूस काही गुन्हेगार नसतो. पत्रात बहुधा पिकापाण्याची आणि तब्येतीचीच खबर असते; तरी तो ते चिकटवून पाठवितो.

विद्यार्थ्याचाच प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत दोन मोठ्या विद्वानांनी मांडला होता. रिचर्ड पोस्नर यांनी १९७८ मध्ये आणि जॉर्ज स्टिग्लर यांनी १९८० मध्ये असे प्रतिपादन केले, की खाजगीपणा म्हणजे बहुतांशी स्वतःविषयीची गैरसोयीची वस्तुस्थिती दडविण्याची मुभा होय. विक्रेत्याने मालातील दोष लपविणे जसे गैर, तसे माणसाने स्वतःतील दोष लपविणेही; माहिती जितकी मोकळी, तितका बाजार कार्यक्षम. स्टिग्लर यांना पुढे १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा हा युक्तिवाद हसून सोडून देता येणार नाही.

त्यातील उणीव अशी, की तो माहितीचा प्रवाह दोन्ही बाजूंनी सारखा वाहतो असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात दुकानदाराला आपल्याविषयी पुष्कळ कळते आणि आपल्याला त्याच्याविषयी काहीच कळत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये माहितीच्या विषमतेमुळे बाजार कसा बिघडतो हे जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले, ते विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. तेथे विक्रेत्याला मालाविषयी ग्राहकापेक्षा अधिक माहिती होती. येथे त्याला खुद्द ग्राहकाविषयी ग्राहकाच्या कल्पनेपलीकडे माहिती आहे. हॅल व्हेरियन यांनी १९९६ मध्ये एक साधा भेद करून ठेवला आहे: मला कोणती वस्तू हवी हे विक्रेत्याला कळण्यात माझा फायदा आहे; तिच्यासाठी मी जास्तीत जास्त किती द्यायला तयार आहे हे कळण्यात माझा तोटा आहे. दोन्ही गोष्टी एकाच खरेदीच्या यादीतून कळतात, ही खरी अडचण. हेच व्हेरियन पुढे गूगलचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पिगू यांनी १९२० मध्ये मूल्यभेदाचे तीन प्रकार सांगितले. त्यांपैकी पहिला, म्हणजे प्रत्येक ग्राहकाकडून त्याच्या ऐपतीइतकी आणि गरजेइतकी वेगळी किंमत वसूल करण्याचा, पाठ्यपुस्तकात केवळ कल्पना म्हणून शिकविला जात असे, कारण प्रत्येकाच्या मनातील किंमत विक्रेत्याला कळणार कशी? ती आता अंदाजाने कळू लागली आहे. ग्राहकाचे ठिकाण, त्याने पाहून सोडून दिलेल्या वस्तू, संगणकाच्या पडद्यावरील त्याच्या हालचाली अशा तपशिलांच्या आधारे माणसागणिक किंमत ठरविण्याची साधने मध्यस्थ कंपन्या दुकानदारांना पुरवितात, असे अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मधील प्राथमिक निष्कर्षांत नमूद केले आहे. मार्शल यांनी ज्याला उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हटले, ते उपभोक्त्याच्या खिशातून विक्रेत्याच्या खिशात जाण्याचा हा मार्ग आहे. आपल्याकडे वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, त्यामुळे तिच्यावर कोणी जाऊ शकत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु त्या किमतीखाली सूट कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे विक्रेत्याच्या मर्जीवर असते. जो ग्राहक सुटीवाचूनही घेणारच, असे त्याच्या नोंदी सांगतात, त्याला सूट कशाला द्यायची? सवलतीच्या गुणांसाठी हौसेने नंबर देणाऱ्या निष्ठावंत ग्राहकालाच त्याच्या निष्ठेची किंमत मोजावी लागावी, असा हा विपरीत न्याय होईल.

कायद्यातील औषधाचे दुकान

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागावयाचा असतो. दुकानदाराला बांधून घ्यावयाचे तर वेगळा कायदा हवा. तो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दुकानदारांवरील मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, ठेवण्यात आली.

या कायद्याच्या सातव्या कलमात एक उदाहरण दिलेले आहे आणि ते नेमके आपल्या विषयाचे आहे. एक व्यक्ती औषधाच्या दुकानात खरेदी करते, स्वखुशीने आपली माहिती देते आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाईलवर पाठविण्यास सांगते. दुकानाने ती माहिती पोच पाठविण्यासाठी वापरावी, असे उदाहरण सांगते. होम डिपोच्या ग्राहकाने ई-मेलने पावती मागितली त्याहून हे वेगळे नाही. उद्देश पावतीचा, तर वापरही पावतीपुरता. कायदा पुढे असेही सांगतो, की उद्देश संपल्यावर माहिती पुसून टाकावी. आपल्या वतीने काम करणाऱ्या तिसऱ्याने केलेल्या चुकीची जबाबदारीही मूळ माहिती घेणाऱ्यावरच राहील. आणि अकराव्या कलमान्वये आपली माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावे ग्राहकाला मागता येतील. माहिती घेणाऱ्याला कायद्याने जे इंग्रजी नाव दिले आहे, त्याचा अर्थ 'विश्वस्त' असा होतो. सुरक्षिततेत हयगय झाल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे.

आता त्याची दुसरी बाजू. दंडाची सर्व रक्कम चौतिसाव्या कलमानुसार भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाची आहे. ज्याची माहिती फुटली, ज्याला त्या माहितीच्या आधारे फसवणुकीचे फोन आले, ज्याच्या औषधांची यादी बाहेर गेली, त्याला त्यातून एक रुपयाही मिळावयाचा नाही. यापूर्वी माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाखाली संवेदनशील माहितीच्या निष्काळजी हाताळणीबद्दल नुकसानभरपाई मागता येत असे. ते कलमच नव्या कायद्याने वगळण्याची तरतूद केली आहे. उलट नागरिकाने खोटी वा क्षुल्लक तक्रार केली, तर त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो! विश्वस्ताने ठेव बुडविली, तर दंड सरकारला आणि ठेवीदाराला मात्र समज, असा हा प्रकार आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हे सदोष आहे. कारखान्याच्या धुराचा त्रास शेजाऱ्याला होतो आणि मालकाच्या खर्चात तो धरला जात नाही, म्हणून धूर वाढतो. माहिती वाटण्याचा लाभ दुकानदाराला आणि धोका ग्राहकाला, अशी विभागणी राहिली तर तिचे वाटपही वाढतच जाणार. प्रत्येक ग्राहकाचे नुकसान थोडे आणि विखुरलेले असते. ते एकत्र करून दुकानदाराच्या हिशोबवहीत चढविण्याचे साधन म्हणजे नुकसानभरपाई. तेच या कायद्यात नाही.

तथापि एक वाट अजून उघडी आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तिच्या शेवटच्या उपकलमांपैकी एकात ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती, कायद्याने परवानगी असल्याखेरीज, दुसऱ्यास उघड करणे ही अनुचित प्रथा ठरविली आहे. तिच्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि तेथे भरपाई मिळू शकते. व्यवहार पाच लाख रुपयांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. नवा माहिती संरक्षण कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, त्यांना बाधक नाही, असे त्याच्याच अडतिसाव्या कलमात म्हटलेले असल्याने हा मार्ग नव्या कायद्याने बंद होत नाही, असा युक्तिवाद निश्चितच करता येईल. अर्थात कंपन्यांचे वकील छापील अटींतील 'संमती'वर बोट ठेवतील. होम डिपोनेही तेच केले होते. गल्ल्यावर, रांगेत, दहा आकडे सांगणाऱ्याने नेमकी कशास संमती दिली, याचा निकाल आपल्याकडील एखाद्या आयोगाने द्यावयास हवा.

एकट्यादुकट्या ग्राहकाकडून हे होणार नाही. बिलातील एका ओळीसाठी कोणी शिक्षक वा कारकून रजा टाकून आयोगाच्या पायऱ्या चढणार नाही आणि त्याने चढावे अशी अपेक्षाही रास्त नव्हे. हे काम संघटनेचे आहे. सुदैवाने महाराष्ट्राला ती परंपरा आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि लगेच १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. मापात खोट, मालात भेसळ, किमतीत लूट असे त्या काळचे प्रश्न होते. आता वजन बरोबर असते, वेष्टनही चोख असते. खोट बिलाच्या वरच्या ओळीत, नंबराच्या रकान्यात आहे. शेपाचशे सभासदांनी एकाच साखळीच्या दुकानांकडे, अकराव्या कलमाचा हक्क अमलात येताच, आपली माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावे लेखी मागितली, तर ती यादी किती लांब आहे हे प्रथमच उजेडात येईल. दुकानदारांच्या संघटनांनाही यात भिण्यासारखे काही नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला मेटाशी करार करावयाचा नसतो. ज्यांना करावयाचा असतो त्या बड्या साखळ्यांशीच तर त्याची स्पर्धा आहे, आणि 'येथे नंबर विचारला जात नाही' ही पाटी त्याला उद्याच लावता येईल.

तोवर ग्राहकाने कागदी बिल मागावे. नंबराविना बिल नाकारले, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. दुकानाचे नाव, तारीख, वेळ आणि गल्ल्यावर मिळालेले उत्तर एवढे टिपून ठेवले की तक्रारीस पुरते.